बाबासाहेब आणि सत्तेची वाटणी

परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणतो. पण सत्ता कशी वाटावी, या एकाच प्रश्नाच्या मागे ते किती वर्षे लागले होते, हे आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. म्हणून आम्ही इथे तेवढेच सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रबंधाला विषय घेतला तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या तिजोरीचा. विषय रुक्षच म्हणायचा! पण मेख त्यातच आहे. १८३३ साली इंग्रजांनी सगळा पैसा मध्यवर्ती सरकारच्या हाती दिला होता. १८७१ पासून लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवून रक्कम बांधून दिली. लोकांना वाटले, प्रांत मोकळे झाले. बाबासाहेबांनी जुने कागद धुंडाळून दाखवले, की तसे काही नव्हते. थोरल्या भावाने धाकट्याच्या हाती घरखर्च दिला म्हणून वाटणी झाली असे होत नाही. थोरला उद्या हात आखडता घेईल. इथेही तेच चाले. पुढे करार दर पाच वर्षांनी बदलू लागले आणि प्रांताने काटकसर करून राखलेले वरचे सरकार ओढून घेई. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य ही खाती देशी मंत्र्यांना मिळाली, तीही सोपवलेलीच. हा प्रबंध १९२५ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाला.

सातबाऱ्यावर धाकट्याचे नाव लागले, की गोष्ट वेगळी. संघराज्य म्हणजे हे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हाच भेद घटनेत उतरवला. राज्यांचे अधिकार केंद्राच्या मेहेरबानीने नव्हेत, तर घटनेनेच दिलेले. ती विषयांची वाटणी बदलायची तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते.

मग केंद्र इतके बळकट का ठेवले, असे कोणी विचारील. आमच्या मते याचे एक उत्तर आपल्या वाडवडिलांच्या गावात आहे. पाणवठा ज्यांच्या ताब्यात, चावडीही त्यांचीच! सगळी सत्ता गावाच्या हाती गेली तर दुबळ्याने दाद कुठे मागायची? म्हणून गावाला घटक धरा, हा आग्रह त्यांनी मानला नाही. माणूस हाच घटक धरला. राष्ट्रपती राजवटीचे ३५६ वे कलम मात्र वापरावे लागू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुढे पुष्कळदा फोल ठरली. शेवटी १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाच्या वापराला लगाम घातला.

राज्यांच्या हद्दी बदलण्याचा अधिकार त्यांनी संसदेकडेच ठेवला. १९५५ साली त्यांनी बिहार, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश ही अवाढव्य राज्ये विभागावीत असे सुचवले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. या तिन्ही राज्यांतून नवी राज्ये निघाली ती २००० साली, संसदेच्या कायद्याने.