एडिसनची लोखंडी बॅटरी

निपाणी-बेळगावकडच्या जुन्या वाड्यांतून थॉमस एडिसन यांचे नाव पोहोचले ते बोलक्या यंत्रामुळे. दरबारी गवयाचा मुलगा म्हणून मीही ते प्रथम तसेच ऐकले. १८४७ साली ओहायोत जन्मलेले हे गृहस्थ लहानपणापासून कानांनी अधू. यंत्राच्या लाकडाला दात लावून ते नाद ऐकत. (तंबोऱ्याशी जन्म काढलेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

पण त्यांचा खरा कस लागला तो विजेच्या मोटारीपायी. तेव्हाच्या बॅटऱ्या शिशाच्या, जड आणि आम्लाने झिजणाऱ्या. एडिसन यांनी लोखंड, निकेल आणि पोटॅशचे क्षारपाणी घेतले. १९०३ मध्ये माल बाजारात आला, घट गळू लागले. तेव्हा त्यांनी उत्पादन थांबवून विकलेला माल परत घेतला. नावाला केवढा बट्टा! तरी हजारो प्रयोग करून १९०९ मध्ये पक्की बॅटरी दिली. तोवर त्यांचेच स्नेही फोर्ड यांची स्वस्त मॉडेल टी रस्त्यावर आली होती, आणि १९१२ पासून पेट्रोलच्या गाड्यांचे हॅण्डल मारणे सुटू लागले, तेही विजेच्याच स्टार्टरने. दोघांनी मिळून स्वस्त विजेची मोटार काढण्याचा १९१४ चा बेतही फसला. बॅटरी मात्र रेल्वेच्या सिग्नलांत आणि खाणकामगारांच्या दिव्यांत राबत राहिली. १९३१ मध्ये एडिसन वारले.

आज अशी जुनी मोटार दुरुस्तीला आली, की जाणता कारागीर आधी घटावरचा शिक्का टिपून घेतो; ‘ए-४’ म्हणजे आत चार धनपट्ट्या. शिशाचे घट टाकूनच द्यावे लागतात. एडिसन यांचे काही घट धुऊन नवे क्षारपाणी भरले, की पुन्हा वीज धरतात.