पहिल्या रहस्यकथेची जन्मकथा

रहस्यकथांच्या जगात अगाथा ख्रिस्ती यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांची पहिली रहस्यकादंबरी मात्र लिहून झाल्यानंतर चार वर्षांनी वाचकांपर्यंत पोहोचली.

अगाथा यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये, असे त्यांच्या आईचे मत होते. पण पाच वर्षांच्या होण्यापूर्वीच अगाथा आपल्या आपण वाचू लागल्या. त्यांचे बालपणीचे बहुतेक शिक्षण घरीच झाले. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले आणि घरात पैशांची चणचण भासू लागली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा विवाह लष्करी अधिकारी आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी झाला. पती आघाडीवर असताना अगाथा टॉर्कीच्या रेडक्रॉस रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होत्या. पुढे त्या रुग्णालयाच्या औषधविभागात काम करू लागल्या. कोणते द्रव्य किती मात्रेत गुणकारी आणि किती मात्रेत प्राणघातक, हे त्या तेथे बारकाईने शिकल्या. औषधे तयार करण्याची परीक्षाही त्या १९१७ साली उत्तीर्ण झाल्या.

रहस्यकथा लिहिणे तुला जमणार नाही, असे थोरली बहीण मॅज हिने त्यांना पूर्वी एकदा म्हटले होते. ते शब्द त्यांच्या मनात घर करून राहिले होते. औषधविभागात काम नसे तेव्हा त्या कथानकाची जुळवाजुळव करू लागल्या. भोवती विषांच्या बाटल्या होत्या. तेव्हा कथेतील खून विषप्रयोगानेच व्हावा, हे ओघाने आलेच. त्यांनी स्ट्रिकनीन हे विष निवडले. जर्मन आक्रमणामुळे देशोधडीला लागलेले अनेक बेल्जियन निर्वासित टॉर्कीत आश्रयाला आले होते. त्यांना पाहून अगाथा यांना आपला गुप्तहेर सुचला. ठेंगणा, टापटिपीचा, भरघोस मिशांचा निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी हर्क्यूल पॉयरो!

अर्धे लेखन झाल्यावर कथा अडली. तेव्हा आईच्या सल्ल्याने त्या डार्टमूरच्या माळरानावरील एका हॉटेलात दोन आठवडे राहिल्या आणि १९१६ साली 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ही कादंबरी पूर्ण झाली.

पण प्रकाशकांकडून एकामागून एक नकार येऊ लागले. 'द बॉडली हेड' या संस्थेकडे तर हस्तलिखित जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. अखेर संस्थेने शेवट बदलण्याची सूचना केली. रहस्याचा उलगडा न्यायालयात होत होता. अगाथा यांनी तो प्रसंग घराच्या दिवाणखान्यात नव्याने रंगवला. कादंबरी १९२० साली अमेरिकेत आणि १९२१ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या पदरी केवळ २५ पौंड पडले. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने मात्र विषाच्या अचूक माहितीबद्दल तिची प्रशंसा केली. अगाथा यांना या कौतुकाचे विशेष अप्रूप वाटले.

पुढे त्यांनी एकूण ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'कर्टन' या कादंबरीत पॉयरो पुन्हा स्टाइल्सच्या त्याच वास्तूत येतो आणि तेथेच त्याचा अंत होतो. न्यूयॉर्क टाइम्सने या काल्पनिक गुप्तहेराच्या निधनाची वार्ता पहिल्या पानावर छापली. त्यानंतर काही महिन्यांनी, १२ जानेवारी १९७६ रोजी, त्याच्या निर्मातीनेही जगाचा निरोप घेतला.