मेक्सिकोतले मराठी मास्तर

ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले. थोरांची चरित्रे आपण शाळेपासून वाचीत आलो आहोत. म्हणून जरा आडवाटेचे चरित्र मी निवडले आहे : वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पक्षाचे क्रांतिकारक म्हणून त्यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. मला मात्र त्यांच्यातला मास्तर आणि बाप अधिक जवळचा वाटतो. मका पेरणाऱ्या आपल्या बागलाणातील भगिनींनाही तो तसाच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

त्यांचा जन्म १८८४ सालचा. शाळा वर्ध्यास आणि पुढे नागपुरास झाली. लोकमान्यांच्या राजकारणाने भारलेली ती पिढी. विशीच्या सुमारास पांडुरंगांनी घर सोडले, ते जपानमार्गे थेट अमेरिकेस गेले. बंदूक चालविण्यास शिकावयाचे आणि परत येऊन इंग्रजांशी लढावयाचे, एवढाच बेत होता. कॅलिफोर्नियात ते लष्करी शाळेत शिकले, पण त्याबरोबर ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन ह्या संस्थानांतील कॉलेजांत शेतकीचेही शिक्षण त्यांनी घेतले. पोटासाठी मजुरी केली. लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी बांधवांशी तेथेच स्नेह जडला, आणि १९१३ साली गदरची उभारणी झाली तेव्हा खानखोजे तिच्या अग्रभागी होते. त्यांचे साथी, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे, ह्यांस १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरास फाशी झाली. खानखोजे त्या वेळी जर्मनीच्या पाठबळावर तुर्कस्तान आणि इराणमधून आपल्या सरहद्दीकडे येऊ पाहत होते. ते पकडले गेले, निसटले, पुन्हा लढले. पण महायुद्ध संपले आणि तो मार्गही बुजला. पुढे बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले. हा सारा भाग एखाद्या साहसकथेसारखा आहे. मी तो चटकन उरकते, कारण मला सांगावयाचे आहे ते ह्यापुढचे.

घरी परतणे शक्य नव्हते. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होते. १९२४ साली हा चाळिशीचा मनुष्य मेक्सिकोत उतरला. भाषा स्पॅनिश, म्हणजे तीही नव्याने गिरवावयाची. तेथे नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळू लागल्या होत्या, पण जमीन मिळाली म्हणून पीक येते असे थोडेच आहे! चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात सरकारी शेतकी विद्यालय भरत असे. तेथे खानखोजे अध्यापक झाले.

त्यांचे मुख्य काम गहू आणि मका ह्यांच्या सुधारलेल्या जाती तयार करण्याचे. मक्याची गंमत आपण रोज पाहतो, पण तिकडे लक्ष देत नाही. शेंड्यावरच्या तुऱ्यातील पराग खाली कणसाच्या केसांवर पडतो, आणि प्रत्येक केसामागे एक दाणा भरतो. म्हणून पाहिजे त्याच ताटाचा पराग पाहिजे त्याच कणसावर पडावा ह्यासाठी तुऱ्याला आणि कणसाला पिशव्या बांधून ठेवाव्या लागतात, आणि असे हंगामामागून हंगाम करावे लागते. मक्याचे तेओसिंते नावाचे एक रानटी भाईबंद गवत तिकडे उगवते. त्याच्याशीही त्यांनी मक्याचा संकर करून पाहिला. १९३६ साली त्यांनी एका मक्यावर पुस्तिका लिहिली. त्या मक्याचे नाव ‘ग्रानादा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब! डाळिंबाच्या तालुक्यात बसून हे लिहिताना मला हसू आले.

विद्यालयात शिकविणे त्यांना पुरेसे वाटले नाही. १९२८ पासून त्यांनी खेडोपाडी मोफत शेतकी शाळा काढण्याचे काम हाती घेतले. शेतकऱ्याने विद्यालयात येण्याऐवजी मास्तरांनीच बांधावर जावे, अशी ही योजना. तिकडच्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवितात, पाट्यावर वाटतात आणि त्याच्या पातळ भाकऱ्या थापतात. वऱ्हाडच्या शेजारच्या मुलखात वाढलेल्या ह्या माणसाला तो भाकरीचा आवाज ऐकून काय वाटले असेल? थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्याने मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र काढले आहे. त्यात मेजाभोवती गोरगरीब बसले आहेत आणि मधोमध भाकरी वाटणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे ह्यांच्यावरून काढलेला आहे.

१९३६ मध्येच, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी संसार मांडला. पत्नी जान सिंदिक ह्या मूळच्या बेल्जियमच्या. दोन मुली झाल्या. बाप भारतीय, आई बेल्जियन, गाव मेक्सिकोतले. आणि मुलींची नावे काय, तर सावित्री आणि माया. देश सुटला तरी मुलींना हाक मारताना तो रोज तोंडी यावा, असे त्यांच्या मनात असेल, असे मला वाटते.

स्वातंत्र्य आले. आता तरी दार सताड उघडे असावयास हवे होते. पण इंग्रज गेले तरी त्यांची काळी यादी सरकारी दप्तरातून गेली नव्हती! मायदेशी येण्यास ह्या देशभक्ताला मनाई झाली, आणि ती उठविण्यासाठी खटपट करावी लागली. हे वाचून मला जितका राग आला, तितका इंग्रजांच्या छळाचाही आला नव्हता. शेवटी सत्तरीच्या घरात ते नागपुरास स्थायिक झाले. त्यांच्याविषयी बोलताना आपण जानबाईंना विसरतो. नवऱ्याचा देश तो आपला देश, असे म्हणणे सोपे. पण अनोळखी भाषेच्या, नागपुरी उन्हाळ्याच्या गावी दोन मुलींना घेऊन संसार पुन्हा मांडावयाचा, हे त्यांनी केले. लग्न होऊन परगावी आलेल्या आपण साऱ्याजणी त्यातले थोडेबहुत जाणतो.

१९६७ च्या जानेवारीत डॉक्टरांचे निधन झाले. चापिंगोचे विद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. तेथे २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. थोरल्या कन्या सावित्री साहनी ह्यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आहे, आणि मराठीत वीणा गवाणकर ह्यांनी लिहिले आहे. मराठीतले हे पुस्तक मंडळाच्या कपाटात असावे, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे.