सतीश धवन : अंतराळाच्या स्वप्नाला प्रशासनाची चौकट देणारे शास्त्रज्ञ

डॉ. विक्रम साराभाई यांचे ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळातील कोवळम येथे अकस्मात निधन झाले. त्या वेळी भारताच्या अंतराळ कार्यक्रमापाशी थुंबा येथील अग्निबाण केंद्र होते, उमेदीचे तरुण अभियंते होते आणि साराभाईंनी आखून दिलेली दिशा होती. मात्र सरकारी निधीतून चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना लागते तशी पक्की व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. बरेचसे निर्णय साराभाईंच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत असत. ही व्यवस्था उभारण्याची जबाबदारी प्रा. सतीश धवन यांच्यावर येऊन पडली.

धवन तेव्हा रजेवर अमेरिकेत, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या आपल्या जुन्या संस्थेत होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सूत्रे हाती घेण्याविषयी विचारणा केली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. अंतराळ कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळुरूत असावे आणि भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद आपल्याकडेच राहावे. दोन्ही मान्य झाल्या. ते येईपर्यंत प्रा. एम. जी. के. मेनन यांनी धुरा सांभाळली.

श्रीनगर येथे २५ सप्टेंबर १९२० रोजी जन्मलेल्या धवन यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून गणित व भौतिकशास्त्र, इंग्रजी साहित्य आणि यांत्रिक अभियांत्रिकी अशा तीन भिन्न वाटांनी पदव्या मिळवल्या. अमेरिकेत वायुगतिशास्त्रात संशोधन करून १९५१ मध्ये ते बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अध्यापक झाले. तेथे मोजक्या साधनांत त्यांनी देशातील पहिला स्वनातीत वातबोगदा उभारला. उपलब्ध पैशात काय जमेल, याचा हिशेब मांडूनच प्रयोग आखण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी. १९६२ मध्ये ते या संस्थेचे संचालक झाले आणि पुढे जवळपास दोन दशके त्या पदावर राहिले.

जून १९७२ मध्ये अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग स्थापन झाले. आयोगाने धोरण ठरवायचे, विभागाने निधी आणि संसदेला द्यावयाचे उत्तर सांभाळायचे, तर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने म्हणजे इस्रोने प्रत्यक्ष काम करायचे, अशी ही रचना होती. तिन्ही ठिकाणचे प्रमुखपद एकाच व्यक्तीकडे राहिले. आयोगात वित्त सदस्यही असल्याने खर्चाचा प्रश्न टेबलाभोवतीच सुटू शकत असे, फाइल मंत्रालयांतून फिरत राहण्याची वेळ कमी येई. शास्त्रज्ञांना ही बाब रुक्ष वाटेल. पण सरकारी प्रकल्प अनेकदा तंत्रज्ञानाअभावी नव्हे, मंजुरीअभावी रखडतात. थुंबा परिसरातील विखुरलेले विभाग त्याच वर्षी विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात एकत्र आले आणि तेथे धातुशास्त्रज्ञ डॉ. ब्रह्मप्रकाश पहिले संचालक झाले. १ एप्रिल १९७५ रोजी इस्रो रीतसर सरकारी संस्था बनली.

प्रत्येक मोठ्या कामासाठी स्वतंत्र प्रकल्प संचालक नेमण्यावर धवन यांचा भर होता. एसएलव्ही-३ या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाची जबाबदारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होती. या चार टप्प्यांच्या अग्निबाणाच्या घन इंधनामागे डॉ. वसंत गोवारीकर यांचे मोठे काम होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेले पहिले उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीतील गळतीमुळे फसले आणि प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. देशाचा पैसा समुद्रात गेला, अशी टीका होणार हे उघड होते. पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आणि कलाम व त्यांच्या सहकाऱ्यांना कारणे शोधण्यासाठी मोकळे ठेवले. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच मालिकेतील प्रक्षेपकाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे जाण्यासाठी धवन यांनी कलाम यांना पुढे केले. कलाम यांनी हा प्रसंग पुढे असंख्य व्याख्यानांतून सांगितला.

इन्सॅट उपग्रहांच्या बाबतीत धवन यांचा वेगळा पैलू दिसतो. हा प्रकल्प अंतराळ विभागाचा एकट्याचा नव्हता. टपाल व तार, हवामान आणि दूरदर्शन-आकाशवाणी यांची गरज मांडणारी खातीही त्यात भागीदार होती. उपग्रह ज्याला वापरायचा, त्याने आखणीतही बसावे हा विचार त्यामागे होता. पहिली मालिका अमेरिकी कंपनीकडून घेण्यात आली. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचले नसेल. पण सेवा सुरू होणे निकडीचे होते आणि स्वतः शिकण्यासाठी बंगळुरूत अॅपल उपग्रह तयार होतच होता. तो १९ जून १९८१ रोजी युरोपीय एरियन अग्निबाणाने अवकाशात गेला. इन्सॅट-१ए १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला, तर पुढच्या वर्षी पाठवलेल्या इन्सॅट-१बीने अनेक वर्षे सेवा दिली.

पद्मविभूषण किताबाने गौरवले गेलेले धवन १९८४ मध्ये इस्रोतून निवृत्त झाले. श्रीहरिकोटा बेटाला लागून असलेल्या पुलिकत सरोवरावरील पक्ष्यांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते आणि पक्ष्यांच्या उड्डाणाच्या यंत्रणेवर त्यांनी पुस्तकही लिहिले. बंगळुरूत ३ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.