भोजनसमयींची उपकारस्तुति
(मार्टिन रिंकार्ट यांचें संक्षिप्त चरित्र)

मोठें संकट टळलें म्हणजे देवाचे आभार मानावे असें कोणाच्याहि मनांत सहज येतें. परंतु ताटांतील भाकरी, तांब्याभर निर्मळ पाणी, रात्रीची स्वस्थ झोंप आणि सकाळीं हांक मारून उठविणारी आई, हीं दानें रोजचीं असल्यामुळें तीं दानें आहेत हेंच आपण विसरतों. आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र आमच्या बालमित्रांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों, त्यांनीं अशाच लहान दानांबद्दल आभार मानण्यासाठीं आपल्या मुलांकरितां एक छोटी प्रार्थना रचिली. तीच पुढें देशोदेशींच्या ख्रिस्ती मंडळ्यांचें उपकारस्तुतीचें गीत झाली. या पुरुषाचें नांव मार्टिन रिंकार्ट.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत मुल्डे नदीच्या कांठीं आयलेनबुर्ग नांवाचें गांव आहे. तेथें इ. स. १५८६ च्या एप्रिल महिन्यांत रिंकार्ट यांचा जन्म झाला. त्यांचे वडील लांकडी पिंपें घडविणारे कारागीर होते. गांवच्या लॅटिन शाळेंत आरंभींचें शिक्षण झाल्यावर १६०१ सालीं ते लाइपझिग येथील संत थॉमस यांच्या प्रसिद्ध शाळेंत गेले व तेथील गायकवृंदांत गाऊं लागले. पुढें १७२३ सालीं थोर संगीतकार बाख हे ज्या शाळेचे गायनशिक्षक झाले, ती हीच शाळा. लाइपझिगच्या विद्यापीठांत ईश्वरविद्येचा अभ्यास केल्यानंतर मार्टिन लूथर यांच्या जन्मगांवीं, म्हणजे आइसलेबेन येथें, व त्या भागांत त्यांनीं कांहीं वर्षें शिक्षकाचें व उपदेशकाचें काम केलें. १६१७ सालच्या अखेरीस ते आपल्याच गांवीं पाळक म्हणून परत आले.

ते येऊन वर्ष पुरें होतें न होतें तोंच १६१८ सालीं तीस वर्षांचें युद्ध पेटलें. येणाऱ्याजाणाऱ्या फौजांनीं मुलूख उजाड केला. आयलेनबुर्गाला तट होता, म्हणून भोंवतालचे निराश्रित लोक तेथें येऊन दाटी करूं लागले. रिंकार्ट यांच्या घरीं शिपायांचा तळ पडे. कोठींतील थोडकें धान्य व घरांतील चीजवस्तु वारंवार लुटल्या जात. अशा दिवसांत कुटुंब भोजनास बसलें म्हणजे मुलांनीं म्हणावयासाठीं त्यांनीं तें गीत लिहिलें. तें १६३० ते १६३६ च्या दरम्यानचें मानितात. सिराखाच्या बोधग्रंथांतील एका वचनाच्या आधारें रचिलेलीं दोन कडवीं भोजनप्रार्थनेचीं, आणि तिसरें त्रैक्य देवाच्या गौरवाचें, एवढाच त्याचा विस्तार. त्यांत धनाची मागणी नाहीं, कीं शत्रूच्या नाशाची इच्छा नाहीं. तान्हेपणापासून जें जें मिळत आलें त्याचें स्मरण आहे, आणि पुढच्या दिवसांसाठीं आनंदी मन व शांति यांची विनंति आहे.

१६३७ सालीं गांवांत महामारीची भयंकर साथ आली. मुख्य धर्माधिकारी गांव सोडून गेले, दोन पाळक साथीला बळी पडले, आणि सर्व भार एकट्या रिंकार्ट यांच्यावर आला. कित्येक दिवशीं त्यांना चाळीस-पन्नास प्रेतांचा अंत्यविधि करावा लागे. अशा रीतीनें त्यांनीं सुमारें ४,४८० माणसांना मूठमाती दिली. मे महिन्यांत त्यांची स्वतःची पत्नीहि वारली. शेवटीं शेवटीं तर विधीवांचूनच प्रेतें चरांत पुरण्याची वेळ आली.

साथीमागून दुष्काळ आला. रस्त्यांत पडलेल्या मेल्या मांजरासाठीं किंवा कावळ्यासाठीं तीस-चाळीस माणसें आपसांत झगडत. रिंकार्ट यांनीं घरांत अगदीं गरजेपुरतें ठेवून बाकीचें सर्व भुकेल्यांना वांटलें. इतकें कीं, मुलांच्या अन्नवस्त्रासाठीं त्यांना पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न गहाण टाकावें लागलें. त्या भोजनप्रार्थनेचा खरा अर्थ आम्हांला येथें उमगतो. भाकरी ही केवळ आपली कमाई आहे असें जो समजतो, तो ती झांकून ठेवितो. ती देवाचें दान आहे असें जो रोज दोन वेळां म्हणत आला, त्याचा हात ती मोडून दुसऱ्याला देतांना अडखळत नाहीं.

१६३९ च्या आरंभीं स्वीडनचें सैन्य आलें व त्याच्या अधिकाऱ्यानें गांवाकडे ३०,००० टालरांची खंडणी मागितली. रिंकार्ट यांनीं केलेली दयेची याचना त्यानें धुडकाविली. तेव्हां ते लोकांना घेऊन मंदिरांत गेले, आणि गुडघे टेकून सर्वांनीं प्रार्थना केली व गीत गाइलें. हें पाहून त्या अधिकाऱ्याचें मन द्रवलें व खंडणी अखेर २,००० फ्लोरिनांवर आली, असें सांगतात.

१६४८ सालीं वेस्टफालियाचा तह होऊन युद्ध एकदांचें संपलें. तोंपर्यंत रिंकार्ट अकालीं वृद्ध झाले होते. ज्यांनीं त्यांचे उपकार स्मरावयाचे, त्या गांवच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना उलट त्रासच दिला. ८ डिसेंबर १६४९ रोजीं ते प्रभूमध्यें झोंपी गेले.

त्यांचें गीत तहाच्या आनंदोत्सवासाठीं रचिलें गेलें, असा समज पुष्कळांचा आहे. परंतु योहान क्र्यूगर यांच्या गीतसंग्रहांत तें १६४७ सालींच, म्हणजे तहापूर्वीं एक वर्ष, चालीसह छापिलेलें आहे. १७५७ सालीं लॉइथेनच्या लढाईनंतर प्रशियाच्या शिपायांनीं तें रणभूमीवर गाइलें. १८४० सालीं मेंडेल्सझोन यांनीं तें आपल्या एका मोठ्या संगीतरचनेंत गुंफिलें. कॅथरीन विंकवर्थ या बाईंच्या भाषांतरानें तें इंग्रजी भाषेंतहि रूढ झालें. राष्ट्रांनीं मोठमोठ्या प्रसंगीं गाइलेलें हें गीत मूळचें एका गरीब घरांतील जेवणाच्या वेळचें आहे, ही गोष्ट आम्हांला विशेष मननीय वाटते.

रिंकार्ट यांनीं महामारीला वरदान म्हटल्याचें कोठें आढळत नाहीं. पत्नीच्या कबरेपाशीं त्यांचेंहि हृदय विदीर्ण झालें असेल. आभार मानल्यानें दुःख टळतें, असें हें चरित्र सांगत नाहीं. लहान दानें ओळखण्याची संवय आधीं जडलेली असली, तर मोठ्या दुःखांतहि मनुष्य कडवट होत नाहीं व त्याचा हात आंखडत नाहीं, एवढें मात्र तें निश्चित सांगतें. ही संवय संकटाच्या दिवशीं एकाएकीं लागत नाहीं. ती रोजच्या ताटावरच लागते.

म्हणून आमच्या बालमित्रांना आमची एक विनंति आहे. वसतिगृहाच्या पंगतींत असा किंवा घरीं पाटावर असा, प्रार्थना घाईघाईनें उरकण्यापूर्वीं क्षणभर ताटाकडे पाहा. तें धान्य कोणी पिकविलें, कोणी दळिलें, चुलीच्या धुरांत बसून भाकरी कोणी भाजली, हें मनांत आणा. वडील मंडळींनींहि मुलांबरोबर तसेंच करावें, मग तें घर कोणत्याहि धर्माचें असो. आणि डोळे उघडल्यावर शेजारच्या ताटांत काय वाढलें आहे, किंवा कांहीं वाढलें आहे कीं नाहीं, हेंहि सर्वांनीं एकदां पाहावें.