मालवणचे डॉ. भांडारकर : अक्षर तपासणारा माणूस

व्हेरिएबलच्या नावाची सुरुवात आकड्याने केली की कंपायलर लगेच एरर देतो. अक्षर, आकडा, अंडरस्कोअर चालतं, पण आकडा पहिला नको, हा 'सी'चा नियम फर्स्ट इयरलाच पाठ होतो. पायथॉन ३ मध्ये तर 'धन' असं देवनागरी नावही चालतं. फक्त सुरुवातीला नुसता काना किंवा वेलांटी नको, देवनागरी अंकही नको. पण 'धन'च्या जागी चुकून 'घन' टाइप झालं तर? तेही नियमात बसतं! अक्षर चालतं, पण ते बरोबर आहे का, हा प्रश्न उरतोच. तो प्रश्न जन्मभर विचारणारा एक माणूस आपल्या मालवणात जन्मला.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जन्म ६ जुलै १८३७. वडील सरकारी कारकून. शिक्षण रत्नागिरीला, मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बॅच पदवीधर झाली, तिच्यात न्या. रानड्यांबरोबर तेही होते.

पाणिनीचे जवळपास चार हजार नियम विद्यार्थ्याला झेपणार कसे? भांडारकरांनी शाळेसाठी संस्कृतची दोन पुस्तकं लिहिली, सोप्या धड्यांची. ती पिढ्यान् पिढ्या चालली. जुन्या पोथ्यांत नकलणाऱ्यांच्या हातून अक्षरं बदललेली असत. म्हणून एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर ठेवून ते पाठ ठरवायचे. १८७६ साली भवभूतीचं 'मालतीमाधव' त्यांनी असंच छापलं.

हे काम नुसतं पुस्तकी नव्हतं. १८९१ साली मुलींचं संमतिवय १० वरून १२ करायचा कायदा आला, तेव्हा धर्म बुडाला अशी ओरड झाली. भांडारकरांनी मूळ ग्रंथच तपासले आणि मुलीचं लग्न वयात आल्यावर करणं शास्त्राविरुद्ध नाही, असं आधारासकट मांडलं. आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाहही त्यांनी लावून दिला. लोकांचा रोष पत्करला, पण मागे हटले नाहीत.

त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, १९१७ साली, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले. पुढे याच संस्थेत शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, ती १९६६ साली पुरी झाली.

कंपायलर गप्प बसला म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, असं नसतं. सगळे म्हणतात म्हणून रूढी बरोबर, असंही नसतं. दोन्हीकडे तपासायचं काम आपलंच!