अंग देशाची बोली आणि सर जॉर्ज ग्रिअर्सन

बिहारमधील भागलपूर, मुंगेर व बांका ह्या जिल्ह्यांत आणि झारखंडमधील गोड्डा, दुमका, देवघर ह्या भागांत जी भाषा बोलली जाते तिला तिचे लोक अंगिका म्हणतात. कर्णाचे राज्य म्हणून आपण ज्या अंग देशाचे नाव ऐकले आहे तो हाच प्रदेश. त्याची राजधानी चंपा ही भागलपूरजवळच्या चंपानगराच्या परिसरात होती. बिहुला-विषहरीची कथागीते आणि त्या कथेवर आधारलेली मंजूषा चित्रकला हे ह्या लोकांचे पिढीजात धन आहे. त्यांच्या बोलीचे व्याकरण शास्त्रीय दृष्टीने मांडणारे सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन ह्यांचे नाव भाषांतरकारांच्या वर्तुळाबाहेर आपल्या मंडळ्यांतून फारसे घेतले जात नाही. ते घेतले जावे असे मला वाटते.

ग्रिअर्सन ह्यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ झाला. घराणे मुद्रकांचे होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले गणित, पण तेथेच प्राध्यापक रॉबर्ट ॲटकिन्सन ह्यांनी त्यांना संस्कृतची व हिंदुस्थानी भाषांची गोडी लावली. १८७३ मध्ये ते सनदी नोकर म्हणून बंगाल इलाख्यात आले आणि त्यांच्या नोकरीचा बराच काळ बिहारमध्ये गेला. शाळा तपासनीस, मॅजिस्ट्रेट अशा जागांवर त्यांनी काम केले. पुढे ते सरकारी अफू खात्याचे एजंटही झाले. हे शेवटचे पद वाचून आपल्या वाचकांना अवघडल्यासारखे होईल, आणि तसे होणे योग्यच आहे. साम्राज्याच्या नोकरीत हेही येत होते.

कचेरीत येणारा शेतकरी जी भाषा बोलतो ती पुस्तकांत नाही, हे त्यांच्या लवकर ध्यानात आले. १८८३ ते १८८७ ह्या काळात त्यांनी बिहारी बोलींची व्याकरणे प्रसिद्ध केली. त्यांतील एक भाग दक्षिण भागलपूरच्या बोलीचा, म्हणजे आजच्या अंगिकेचा आहे. १८८५ मध्ये त्यांचा बिहारच्या ग्रामजीवनावरील ग्रंथ निघाला. नांगराच्या भागांपासून स्वयंपाकघरातील भांड्यांपर्यंत कोणत्या जिल्ह्यात कशाला काय म्हणतात, हे त्यात चित्रांसह नोंदले आहे. भाषांतराच्या मेजावर एका शब्दासाठी दिवस घालवणाऱ्यांना अशा ग्रंथाचे मोल सांगावे लागत नाही.

१८८६ मध्ये व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत हिंदुस्थानातील भाषांच्या पाहणीचा विषय निघाला आणि १८९८ मध्ये ग्रिअर्सन त्या पाहणीचे अधीक्षक झाले. प्रत्येक बोलीचा नमुना तुलना करता येईल असा हवा होता. त्यासाठी त्यांनी लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला निवडला. कारण व्याकरणाचे होते. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ ह्या एका गोष्टीत सापडतात. भारतीय मनाला खुपतील अशा जागी थोडे शब्द बदलण्यात आले. पुष्ट वासराचा प्रसंग आठवला म्हणजे त्याची गरज कळते. ह्याखेरीज स्थानिक गोष्ट वा गीत आणि शब्दांची व वाक्यांची एक ठरावीक यादीही मागवली जाई. जिल्ह्यांतील अधिकारी व मिशनरी हे सारे मिळवून पाठवीत.

अशा रीतीने घर सोडून गेलेल्या मुलाची कथा, कधी शुभवर्तमान न ऐकलेल्या शेकडो बोलींत प्रथमच लिहिली गेली. भागलपूरच्या बोलीत मात्र पवित्र शास्त्र त्याआधीच पोहोचले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील कॅथलिक मिशनरी फादर अंतोनियो ह्यांनी शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये तेथील लोकांच्या बोलीत आणली होती.

पाहणीत ही बोली आली ती छिका-छिकी ह्या नावाने, आणि तिला स्थान मिळाले मैथिलीची एक पोटबोली म्हणून. वाक्यात वारंवार येणाऱ्या ‘छिकै’सारख्या क्रियारूपांवरून ते नाव पडले होते. बाहेरच्या कानाला जे वेगळे वाटले त्यावरून ठेवलेले हे नाव भाषकांना कसे आवडावे? ग्रिअर्सन ह्यांची व्याकरणदृष्टी सूक्ष्म होती. परंतु बोली कोणती आणि भाषा कोणती ह्याचा निवाडा केवळ क्रियारूपांवर होत नाही, असे माझे मत आहे. कोकणीचेच पाहावे. पाहणीच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात ती मराठीत धरली आहे. हा खंड स्टेन कोनो ह्या नॉर्वेच्या विद्वानाने तयार केला होता. १९९२ मध्ये कोकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले. (हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याचे बोलणे तिच्यातून निसटले.)

भक्तिमार्गावर ख्रिस्ती विचारांचा प्रभाव पडला, हे त्यांचे दुसरे मत तर विद्वानांनी स्वीकारले नाही. आपल्याला ते सुखावणारे असले, तरी आपणही त्याचा आधार घेऊ नये.

१९०३ मध्ये ते सनदी नोकरीतून निवृत्त झाले आणि उरलेले काम कँबरली येथील घरी बसून पुरे केले. शेवटचा ग्रंथ १९२८ मध्ये बाहेर पडला, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. एकूण अकरा खंड, एकोणीस भाग. त्याच वर्षी त्यांना ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान लाभला. त्यानंतरही काश्मिरी भाषेचा कोश त्यांनी १९३२ मध्ये पूर्ण केला. ९ मार्च १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

२००३ च्या घटनादुरुस्तीने मैथिली आठव्या अनुसूचीत आली, अंगिका आली नाही. झारखंड राज्याने २०१८ मध्ये तिला द्वितीय राजभाषेचा दर्जा दिला, तो अंगिका ह्याच नावाने. पाहणीच्या पाचव्या खंडाच्या दुसऱ्या भागात मात्र तो धाकटा मुलगा अजूनही छिका-छिकीतच बापाकडे आपला वाटा मागतो आहे.